पहिल्या कमिटच्या आधी: पाच हजार फाइली पुसल्या गेल्याचे एक प्रकरण

ऑगस्ट २०१७मध्ये मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ कोड या प्रोग्राम लिहिण्याच्या एडिटरविषयीच्या, गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुल्या असलेल्या तक्रारनोंदीत ३२४०५ क्रमांकाची तक्रार दाखल झाली. शीर्षक सौम्य होते, ‘सोर्स कंट्रोलविषयी एक सूचना’ अशा अर्थाचे. आतला मजकूर मात्र बराचसा मोठ्या अक्षरांत लिहिलेला आणि शिव्यांनी भरलेला होता. तक्रारदाराने हा एडिटर एक पर्याय म्हणून नुकताच उतरवून घेतला होता, आपले काम असलेले फोल्डर त्यात उघडले होते आणि सोर्स कंट्रोल नावाचा विभाग नेमके काय करतो हे तो चाचपून पाहत होता. तेथे सुमारे पाच हजार फाइली ‘स्टेज’ होण्याच्या प्रतीक्षेत दिसल्या. त्याने ‘डिस्कार्ड’, म्हणजे ‘टाकून द्या’, दाबले. सगळ्या फाइली डिस्कवरून गेल्या, विंडोजच्या रिसायकल बिनमध्येही त्या सापडल्या नाहीत, आणि त्यांच्याबरोबर तीन महिन्यांचे काम गेले.

ही तक्रार प्रोग्रामरांमध्ये पुढे कित्येक वर्षे विनोद म्हणून फिरत राहिली. हसणाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की एडिटरने आधी विचारले होते, आणि तीन महिने कामाची दुसरी प्रत न ठेवणाऱ्याने इतरांना दोष देऊ नये. दोन्ही मुद्दे खरे आहेत, पण त्यांतून काही कळत नाही. एखाद्या माणसाने व्हर्जन कंट्रोल, म्हणजे कामाच्या आवृत्त्या जपण्याचे साधन, प्रथमच उघडावे आणि त्याच साधनाने त्याचे संपूर्ण काम पुसून टाकावे, हे कसे घडले, याचे उत्तर हसण्यात मिळत नाही. नवशिक्याला शिकवणाऱ्याने आणि स्वतः नवशिक्यानेही हे प्रकरण तपशिलात पाहावे, याचे कारण असे, की यातील प्रत्येक पाऊल साधारण समजुतीच्या माणसाने टाकावे असेच आहे. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा एका विशिष्ट कालखंडात आहे: रिपॉझिटरी, म्हणजे आवृत्त्यांचा साठा, सुरू झाल्यापासून पहिले कमिट, म्हणजे पहिली कायमची नोंद, होईपर्यंतचा काळ. या काळात फाइलींना गिटचे, म्हणजे हा एडिटर वापरतो त्या व्हर्जन कंट्रोल प्रणालीचे, कसलेच संरक्षण नसते, आणि तरीही गिट सुरू झाले या जाणिवेने माणूस निर्धास्त झालेला असतो.

गिटच्या हिशेबात काय होते

गिटमध्ये एखाद्या फाइलीचा मजकूर चार ठिकाणी असू शकतो. आपण प्रत्यक्ष काम करतो ते फोल्डर हे पहिले ठिकाण. पुढच्या नोंदीत काय काय जाणार याची यादी ज्यात तयार होते तो इंडेक्स हे दुसरे. फाइल ‘स्टेज’ करणे म्हणजे ती या यादीत घालणे. फोल्डरातील लपलेल्या डॉट-गिट या उपफोल्डरात असलेला कायमचा साठा हे तिसरे, आणि तोच साठा नेटवर्कवरील दुसऱ्या संगणकावर पाठवला तर ते चौथे. पहिल्या ठिकाणी आहे पण पुढच्या एकाही ठिकाणी नाही, अशा फाइलीला गिट ‘अनट्रॅक्ड’ म्हणते, म्हणजे तिचा माग ठेवला जात नाही.

तक्रारदाराच्या फोल्डरात ‘गिट इनिट’ ही रिपॉझिटरी सुरू करणारी कमांड चाललेली होती, अन्यथा एडिटरने ही यादी दाखवलीच नसती. पाच हजारच्या पाच हजार फाइली यादीत होत्या, म्हणजे एकही कमिट झालेले नव्हते. ‘गिट इनिट’ केल्याने डॉट-गिट फोल्डर तयार होतो, ज्यात अजून एकही नोंद नसते, एवढेच घडते. आधीपासून असलेल्या फाइलींना ते स्पर्शही करत नाही आणि त्यांची प्रतही ठेवत नाही. थोडक्यात, त्या क्षणी तीन महिन्यांचे सगळे काम अनट्रॅक्ड होते.

त्या वेळी या एडिटरच्या सोर्स कंट्रोल विभागात दोन अगदी वेगळ्या जातींच्या फाइली ‘चेंजेस’ या एकाच शीर्षकाखाली दिसत. पूर्वी कमिट केलेली आणि नंतर बदललेली फाइल ‘एम’ अक्षराने ओळखता येई, आणि कधीच नोंद न झालेली फाइल ‘यू’ अक्षराने. ‘डिस्कार्ड’ची खूण मात्र दोघींसाठी एकच होती. ‘एम’ फाइलीवर ती दाबली, की शेवटची नोंदलेली आवृत्ती परत येते आणि मधले बदल जातात. नुकसान झालेच तर शेवटच्या नोंदीनंतरच्या कामापुरते होते. ‘यू’ फाइलीला मागे जाण्यासाठी नोंदच नाही. गिटच्या दृष्टीने तिची आधीची स्थिती म्हणजे ती अस्तित्वात नसणे, आणि म्हणून तिच्यावरचे बदल टाकून देणे म्हणजे ती फाइल पुसणे. हा तर्क आतून पूर्णपणे सुसंगत आहे, आणि बाहेरून आलेल्या माणसाला तो सुचणे जवळजवळ अशक्य आहे.

पडद्यामागे एडिटरने ‘गिट क्लीन’ ही कमांड चालवली. या कमांडचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५मध्ये गिट लिहायला घेतले ते लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, विकसकांसाठी, त्यांना तोवर मोफत वापरायला मिळणारी बिटकीपर ही प्रणाली बंद झाल्यावर. कर्नलसारख्या प्रकल्पात महत्त्वाची प्रत्येक फाइल केव्हाच नोंदलेली असते, आणि नोंद नसलेल्या फाइली म्हणजे बहुधा कंपाइल करताना पडलेला कचरा, तात्पुरत्या चाचण्या, एडिटरने सोडलेल्या उरलेल्या प्रती. तो झाडून काढायला ‘गिट क्लीन’ उपयोगी पडते. म्हणजे अनुभवी माणसाच्या फोल्डरात अनट्रॅक्ड हा शब्द केराला लागू पडतो, तर पहिल्या दिवशीच्या नवशिक्याच्या फोल्डरात तो त्याच्या सगळ्या कमाईला लागू पडतो. साधनाला हा फरक ओळखता येत नाही.

तरीही गिटच्या निर्मात्यांनी या कमांडपुढे एक अडसर ठेवलेला आहे. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहिण्याच्या खिडकीत, नुसते ‘गिट क्लीन’ लिहिले तर गिट नकार देते; ‘फोर्स’चा पर्याय जोडावा लागतो, किंवा ‘एन’ हा पर्याय जोडून काय काय पुसले जाईल याची यादी आधी पाहता येते. फोल्डर पुसायला वेगळा पर्याय लागतो, आणि दुर्लक्षित ठरवलेल्या फाइली पुसायला आणखी वेगळा. ही सगळी खोळंबणारी पावले मुद्दाम ठेवलेली आहेत. बटणाने हे सगळे एका दाबात उरकले, कारण ‘फोर्स’ एडिटरने स्वतःच जोडला. कोणत्याही शॉर्टकटविषयी विचारण्याचा पहिला प्रश्न येथे सापडतो: मधली कोणती पायरी गाळून हा वेळ वाचवला आहे, आणि ती पायरी केवळ कंटाळवाणी होती की ती पहाऱ्यावर होती?

रिसायकल बिनचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. तक्रारदाराला सर्वांत मोठा धक्का याचा बसला होता, की विंडोजवर असे काही होऊ शकते. पण रिसायकल बिन ही विंडोजच्या फाइल एक्सप्लोररने दिलेली सोय आहे. एखादा प्रोग्राम थेट ऑपरेटिंग सिस्टीमला फाइल पुसायला सांगतो तेव्हा ती बिनमध्ये जात नाही. शिफ्ट धरून डिलीट दाबणाऱ्यांना हे ठाऊक असते. कंट्रोल-झेडही येथे निरुपयोगी होते, कारण एडिटरचे अनडू उघडलेल्या फाइलीतील अक्षरांच्या बदलांपुरते असते, आणि येथे ज्या हजारो फाइली गेल्या त्या त्याने उघडल्याही नव्हत्या.

शेजारचे बटण

या प्रकरणातला मला सर्वांत बोलका वाटणारा तपशील असा, की यादीवर माऊस नेला असता डिस्कार्डच्या खुणेला लागूनच अधिकची खूण दिसते. ती दाबली असती तर सर्व फाइली स्टेज झाल्या असत्या. स्टेज होताना गिट प्रत्येक फाइलीचा मजकूर त्याच क्षणी आकसून डॉट-गिटच्या साठ्यात लिहिते आणि त्या मजकुरावरून काढलेले चाळीस अक्षर-अंकांचे नाव त्याला देते. कमिट न करताही हे होते. त्यानंतर फोल्डरातील फाइली पुसल्या गेल्या असत्या, तरी इंडेक्सवरून त्या जशाच्या तशा परत आणता आल्या असत्या. इंडेक्सही हरवला असता, तरी ‘गिट एफएससीके’ या तपासणीच्या कमांडने मजकूर हाती लागला असता. फाइलींची नावे गेली असती, पण काम गेले नसते. याही पुढे जाऊन एक कमिट केले असते, तर नावे आणि फोल्डरांची रचनाही सुरक्षित झाली असती, आणि कमिटनंतर चुकीची कमांड चालवली तरी रिफ्लॉग नावाची नोंदवही मूळ मांडणीनुसार ९० दिवस, आणि कोणत्याच शाखेवरून (कामाच्या समांतर प्रवाहावरून) न पोचता येणाऱ्या कमिटच्या बाबतीत ३० दिवस, परतीची वाट राखते.

म्हणजे गिटमधील सर्वांत निर्धोक कृती आणि सर्वांत घातक कृती एकाच ओळीत, एका बोटाच्या अंतरावर होत्या, आणि माणूस घाबरून, सावधपणे, माघार घेण्याच्या हेतूने घातक कृतीकडे वळला. त्याच्या बाजूने पाहिले तर हे स्वाभाविक आहे. आज त्याने एकाही फाइलीत काही बदलले नव्हते; नव्या साधनाने मात्र पाच हजार बदल झाल्याचे सांगितले. हे साधन आपल्या फाइलींचे काहीतरी करू पाहते आहे आणि आपल्याला ते नको आहे, असे समजून त्याने साधनाचा प्रस्ताव फेटाळला, अशी माझी उकल आहे. मजकुरातील त्याचा सूर तिला धरून आहे. ‘स्टेज’ म्हणजे काहीतरी घडवणे आणि ‘डिस्कार्ड’ म्हणजे ते न घडवणे, असा अर्थ त्याने लावला असेल, तर भाषेच्या अंगाने त्यात वावगे काहीच नाही.

दाबण्यापूर्वी आलेली सूचना याच कारणाने निकामी ठरली. सर्व बदल टाकून द्यायचे याची खात्री आहे का, हे परत फिरवता येणार नाही, अशा आशयाची ती होती. परत फिरवता येणार नाही हे तिने सांगितले. काय परत फिरवता येणार नाही हे चुकीच्या शब्दात सांगितले. आपण काहीच बदललेले नाही अशी खात्री असलेल्या माणसाला बदल कायमचे जाण्याची भीती का वाटावी? ‘पाच हजार फाइली डिस्कवरून पुसल्या जातील’ एवढे एक वाक्य त्याला थांबवायला पुरेसे झाले असते. एडिटरच्या चमूने नंतर केलेली दुरुस्ती नेमकी याच जागेची होती: अनट्रॅक्ड फाइलींसाठी सूचनेत ‘डिलीट’ हा शब्द आला, फाइलीचे नाव किंवा फाइलींची संख्या आली, आणि पुढे गेलात तर त्या कायमच्या जातील असे स्पष्ट शब्दांत लिहिले गेले.

तक्रारदाराचा वाटा कमी नाही. एकुलत्या एक प्रतीवर अनोळखी साधन चालवून पाहणे ही चूक गिटच्या ज्ञानावर अवलंबून नाही. फोल्डरची एक प्रत दुसरीकडे चिकटवायला एक मिनिट लागते. पण यादीतच आणखी एक इशारा होता, जो वाचायला कोणी शिकवलेले नसते. एका माणसाने तीन महिन्यांत पाच हजार फाइली हाताने लिहिणे संभवत नाही. त्यातल्या बहुसंख्य फाइली उतरवून घेतलेल्या लायब्ररींच्या, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या, किंवा आपोआप तयार झालेल्या असणार, जशा जावास्क्रिप्टच्या प्रकल्पात नोड-मॉड्यूल्स या फोल्डरात असतात. अशा फाइली गिटने पाहू नयेत म्हणून डॉट-गिटइग्नोर या नावाच्या साध्या मजकूर फाइलीत फोल्डरांची नावे लिहून ठेवतात. ती फाइल असती, तर यादीत स्वतः लिहिलेल्या फाइली तेवढ्या उरल्या असत्या, ओळखीची नावे डोळ्यांसमोर आली असती, आणि हे ‘बदल’ म्हणजे आपलेच काम आहे हे कदाचित लक्षात आले असते. यादी अवाढव्य दिसली, की काहीही दाबण्याऐवजी ती अवाढव्य का आहे हे शोधावे. काही वेळा कारण आणखी साधे असते: ‘गिट इनिट’ चुकून डेस्कटॉपवर किंवा संपूर्ण होम फोल्डरात केलेले असते आणि गिट सगळ्या घरच्या फाइली मोजत बसलेले असते.

पहिल्या कमिटपर्यंतची वाट

इनिट आणि पहिले कमिट यांच्यामधला काळ एका मिनिटाचा असायला हवा. प्रत्यक्षात तो कधी दिवसांचा होतो, कारण याच टप्प्यावर नवशिक्याला अडवणाऱ्या गोष्टी ओळीने उभ्या असतात. पहिल्यांदा कमिट करताना गिट विचारते की तुम्ही कोण. नाव आणि ईमेल पत्ता आधी ‘गिट कॉन्फिग’ने नोंदवलेला नसेल तर ते बहुधा कमिट करायला नकार देते. हा संदेश म्हणजे फक्त दोन ओळींची तजवीज आहे, पण तो इंग्रजी मजकुरात येतो आणि काहीतरी बिघडले असे वाटून पुष्कळ जण तेथेच थांबतात. हा अडथळा ओलांडला आणि कमिटचा संदेश कमांडबरोबरच लिहायचे राहिले, तर बऱ्याच यंत्रांवर व्हिम हा एडिटर उघडतो आणि त्यातून बाहेर कसे पडायचे हे कळत नाही. एस्केप दाबून, मग कोलन, क्यू आणि उद्गारचिन्ह लिहून एंटर दाबले की बाहेर पडता येते. संदेश रिकामा राहिल्याने ते कमिट रद्द होते, हेही ध्यानात ठेवावे. हा गोंधळ किती सार्वत्रिक आहे याचा दाखला म्हणजे, व्हिममधून बाहेर कसे पडावे हा प्रश्न दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेल्याचे स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळाने त्याच २०१७ साली जाहीर केले होते.

मराठी विद्यार्थ्याच्या वाट्याला आणखी एक अडथळा येतो, आणि त्याची वाच्यता फारशी कोठे होत नाही. फाइलीचे नाव देवनागरीत असेल, तर गिट ते मूळ मांडणीत तसे दाखवत नाही. ‘हिशेब’ नावाच्या फाइलीतला नुसता ‘ह’ हा तीन बाइटांचा असल्याने ‘गिट स्टेटस’ या फाइलींची स्थिती दाखवणाऱ्या कमांडमध्ये तो ३४०, २४४, २७१ अशा तीन आकड्यांनी, प्रत्येकापूर्वी उलटी तिरपी रेघ देऊन छापला जातो, आणि संपूर्ण नाव आकड्यांची एक लांब रांग होऊन बसते. फाइल बिघडली असे समजून ती यादीतून ‘काढून टाकण्याचा’ मोह होतो, आणि यादीतून काढण्याचे हाताशी असलेले बटण कोणते हे आपण पाहिलेच आहे. फाइलीला काहीही झालेले नसते. गिटच्या मांडणीत ‘कोअर-कोटपाथ’ हे मूल्य ‘फॉल्स’ केले, की नावे देवनागरीत दिसू लागतात.

म्हणून शिकवण्याचा क्रम मी असा ठेवीन: नाव आणि ईमेलची नोंद, संदेशासाठी ओळखीचा एडिटर, आणि देवनागरी नावांची ही तजवीज आधी, कोणतेही फोल्डर हाती घेण्यापूर्वी. त्यानंतर प्रकल्पाच्या फोल्डरची एक प्रत दुसरीकडे. मग योग्य फोल्डरात असल्याची खात्री, ‘गिट इनिट’, ‘गिट स्टेटस’, यादी वाचून डॉट-गिटइग्नोर, पुन्हा ‘गिट स्टेटस’, मग स्टेज करणारी ‘गिट ॲड’ आणि नोंद करणारी ‘गिट कमिट’, सलग, मध्ये न उठता. डॉट-गिटइग्नोर नंतर लिहू म्हणून मागे ठेवणाऱ्याची गडबड वेगळ्याच प्रकारची होते: पासवर्ड असलेली फाइल पहिल्याच कमिटमध्ये जाऊन बसते, आणि एकदा इतिहासात गेलेली गोष्ट नंतरच्या कमिटमध्ये पुसली तरी इतिहासात राहतेच. गिटचा जो गुण तक्रारदाराला वाचवू शकला असता, तोच येथे नडतो.

पहिले कमिट झाले तरी डॉट-गिट फोल्डर त्याच डिस्कवर असतो, हे विसरून चालत नाही. लॅपटॉप हरवला, तर इतिहासही हरवतो. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प अजूनही पेन ड्राइव्हवरून एकमेकांना दिले जातात आणि ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘खरेच फायनल’ अशी फोल्डरे साचत जातात. ही पद्धत ओबडधोबड असली तरी तिच्यात दुसऱ्या ठिकाणची प्रत असते. गिट शिकल्यावर ती पद्धत सोडायची आणि ‘पुश’, म्हणजे साठा दुसऱ्या संगणकावर पाठवणे, मात्र करायचे नाही, असे झाले तर विद्यार्थी आधीपेक्षा कमी सुरक्षित होतो.

कोणता शॉर्टकट केव्हा

गतीसाठी शिकायच्या कळांविषयी या प्रकरणावरून एक वर्गवारी सुचते. फाइल नावाने उघडणारी कंट्रोल-पी, सर्व आज्ञांची यादी देणारी कंट्रोल-शिफ्ट-पी, ओळ वरखाली हलवणारे आल्ट आणि बाण, तोच शब्द पुढे निवडत जाणारी कंट्रोल-डी, ओळ टिप्पणी करणारी कंट्रोल आणि तिरपी रेघ: या कळा पहिल्या दिवसापासून बिनधास्त शिकाव्यात, कारण त्यांचा परिणाम डोळ्यांसमोरच्या मजकुरावर होतो आणि कंट्रोल-झेड तो मागे घेते. एफ-२ने नाव बदलणे किंवा संपूर्ण प्रकल्पात शोधून बदलणे हे एकाच वेळी अनेक फाइलींत, न उघडलेल्यासुद्धा, हात घालते; त्याआधी कमिट झालेले असावे, म्हणजे काय काय बदलले हे ‘गिट डिफ’मध्ये ओळीने तपासता येते.

तिसऱ्या गटात फाइली किंवा इतिहास यांनाच हात लावणाऱ्या कृती येतात: डिस्कार्ड, क्लीन, हार्ड रीसेट (न नोंदलेले बदल टाकून एखाद्या नोंदीवर परत जाणे), फोर्स पुश (दूरच्या साठ्यातील इतिहास बळाने बदलणे), शाखा पुसणे. यांचे शॉर्टकट किंवा छोटी टोपणनावे सुरुवातीच्या महिन्यांत करू नयेत. पूर्ण कमांड हाताने लिहावी. असे म्हणताना टर्मिनलची फाजील स्तुती करण्याचा हेतू नाही. टर्मिनलमधील ‘गिट रीसेट’ हार्ड पर्यायासह चालवले, तर नोंदलेल्या फाइलींतील न नोंदलेले बदल एकही प्रश्न न विचारता जातात. एडिटर निदान एकदा विचारतो. ‘गिट चेकआउट’ ही एकच कमांड शाखा बदलण्याचे आणि बदल उडवण्याचे अशी दोन्ही कामे इतकी वर्षे करत आली, की अखेर ऑगस्ट २०१९मधील २.२३ या आवृत्तीत गिटने त्यासाठी ‘स्विच’ आणि ‘रीस्टोअर’ अशा दोन वेगळ्या कमांड दिल्या. एक गंमत मात्र नोंदवायला हवी: नवशिक्यांना ज्याची सर्वाधिक धास्ती घातली जाते ते हार्ड रीसेट सामान्यतः अनट्रॅक्ड फाइलींना हात लावत नाही. तक्रारदाराने बटणाऐवजी ती भयंकर कमांड चालवली असती, तर त्याचे काम जागेवर राहिले असते.

हा फरक वाचून पटत नाही, करून पटतो. एक फेकाऊ फोल्डर करावे, त्यात दोन-चार ओळींच्या फाइली टाकाव्यात, आणि त्या जाणूनबुजून गमवाव्यात. एक फाइल कसलीही नोंद न करता डिस्कार्ड करावी. दुसरी स्टेज करून मग पुसावी आणि ‘गिट रीस्टोअर’ने परत आणावी. तिसरी कमिट करून, बदलून, मग डिस्कार्ड करावी. चौथी कमिट केल्यावर ते कमिटच रीसेटने मागे टाकावे आणि रिफ्लॉगमध्ये शोधून काढावे. अर्ध्या तासाच्या या सरावात चारही ठिकाणांचा नकाशा हाताला बसतो.

एडिटरमध्ये पुढे काय बदलले

सूचनेचा मजकूर सुधारल्यानंतर एडिटरमध्ये अनट्रॅक्ड फाइली वेगळ्या गटात दाखवण्याची किंवा यादीतून लपवण्याची सोय आली. मूळ मांडणी मात्र एकत्र दाखवण्याचीच राहिली, त्यामुळे ज्याला या सोयीची सर्वाधिक गरज आहे त्याला ती असल्याचेच ठाऊक नसते. माझ्या मते वेगळा गट हीच मूळ मांडणी असायला हवी होती. मार्च २०२२च्या आवृत्तीत ‘लोकल हिस्टरी’ आली. फाइल या एडिटरमध्ये सेव्ह केली, की दर वेळी एक प्रत बाजूला ठेवली जाते, आणि गिट नसतानाही ती टाइमलाइन विभागातून परत मिळते. कित्येकांना तिने वाचवले आहे, पण या प्रकरणात तिचा उपयोग झाला नसता, कारण येथे फाइली दुसऱ्या एडिटरमध्ये लिहिलेल्या होत्या आणि या एडिटरने त्या कधी सेव्हच केलेल्या नव्हत्या. असे नुकसान झालेच, तर त्या डिस्कवर लिहिणे तत्काळ थांबवून फाइल परत मिळवणाऱ्या साधनांचा आधार घ्यावा लागतो. आजच्या एसएसडी डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टीम मोकळी झालेली जागा स्वतःच साफ करवून घेत असल्याने त्यातून फारशी आशा धरता येत नाही.

डिस्कार्ड केलेल्या अनट्रॅक्ड फाइली रिसायकल बिनमध्ये पाठवण्याची सुधारणा २०२५ साली आली, म्हणजे तक्रारीनंतर जवळपास आठ वर्षांनी. ती आता मूळ मांडणीतच चालू असते. पण जेथे बिन उपलब्ध नाही तेथे तिचा परिणाम होत नाही, आणि दूरच्या संगणकाला जोडून काम करताना नेमकी हीच स्थिती असते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील लिनक्स सर्व्हरवर लॅपटॉपवरून एडिटर जोडून काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या पडद्यावर बटण तेच दिसते, खूण तीच असते, आणि दाबल्यावर फाइल आजही २०१७सारखीच कायमची पुसली जाते. अशा ठिकाणी काम सुरू करण्यापूर्वी तेथेच एक रिकामी फाइल तयार करून डिस्कार्ड करून पाहावी आणि समोर आलेल्या सूचनेत बिनचा उल्लेख आहे की नाही, हे वाचावे.